नेतृत्वाला पंचवीसपैकी चार

माझा राग नाकावर असतो असं आमच्या घरात सगळेच म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण गेलं दीड वर्ष जो राग उतरता उतरत नाही, तो माझ्या स्वतःच्या कुठल्या गोष्टीचा नाही. तो माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या गोष्टीचा आहे. त्यांना स्वतःला राग म्हणून यायचाच नाही. त्यांच्या वाटणीचंही मीच चिडायचे आणि त्या मला म्हणायच्या, "अगं, आधी पाणी पी. मग बोल काय ते."

जाऊबाई लोकांना खेळायला लावतात. त्यांची नोकरीच ती आहे. अग्निशमन दलाच्या गाड्या जिथे उभ्या असतात, त्याच्या वरच्या मजल्यावर नगरपालिकेचं मनोरंजन केंद्र आहे. लांबलचक हॉल, एका बाजूला लोखंडी कपाटं, दुसऱ्या बाजूला उंच खिडक्या. खाली घंटा वाजली की जमीन थरथरते आणि कॅरमवरच्या सोंगट्या आपोआप सरकतात. मग ती सोंगटी धरायची की नाही यावरून सत्तरीतली माणसं एकमेकांचे गळे धरायला उठतात. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा जाऊबाई बावीस वर्षं हे सगळं बघत होत्या. त्यातली शेवटची नऊ वर्षं 'प्रभारी केंद्रप्रमुख' म्हणून. प्रभारी म्हणजे काम पूर्ण आणि मान अर्धा.

सकाळी निवृत्त मंडळी, संध्याकाळी मुलं, आणि मंगळवारी नि शुक्रवारी दुपारी तीन ते चार एक वेगळाच गट. अर्धांगाचा झटका येऊन गेलेली बारा माणसं. इस्पितळाने 'व्यायाम झाले, आता जरा माणसांत मिसळा' असं सांगून त्यांना इकडे धाडलं होतं. कुणाचा हात लुळा, कुणाचा पाय ओढत चाललेला, कुणाची वाचा गेलेली. हा गट जाऊबाईंनी स्वतः मागून घेतला होता. त्याचे जास्तीचे पैसे मिळत नाहीत, शाबासकी तर नाहीच नाही.

मग वरून पत्रक आलं. यापुढे केंद्रप्रमुखाकडे 'मनोरंजन नेतृत्व आणि शिक्षण' या विषयाची पदव्युत्तर पदवी हवी. आत्ता काम करणाऱ्यांना तीन वर्षांची मुदत. तेवढ्यात पदवी मिळवली तर केंद्र कायमचं त्यांचं, नाही मिळवली तर पाणीमीटरच्या कचेरीत बदली. बावीस वर्षं खेळ घेणाऱ्या बाईने खेळ घेता येतो हे सिद्ध करायचं, नाहीतर मीटरचे आकडे तपासत बसायचं. पत्रक वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोठे दीर म्हणाले, "आता खेळायलाही कॉलेजात जायचं? उद्या झोपायचीही पदवी काढतील." जाऊबाई हसल्या आणि दुसऱ्या दिवशी प्रवेशाचा अर्ज घेऊन आल्या. तेव्हा त्यांना सत्तेचाळिसावं चालू होतं.

आता माझंही सांगते, कारण मी यात आहे. चांगलीच आहे. माझं त्याच कॉलेजसमोर टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान आहे. लोकांचे प्रबंध मी टाइप करते, शिवते, त्यांवर सोनेरी अक्षरं उमटवते. नेतृत्व या विषयावरचे तीस-पस्तीस प्रबंध तरी माझ्या हातून गेले असतील. त्यातल्या निम्म्या लेखकांना माझ्या दुकानाचं दार ढकलायचं की ओढायचं एवढंही कळत नाही. पण जाऊबाईंचा अभ्यास टाइप करताना मला पहिल्यांदाच कळलं की या विषयात काही राम आहे. माणसं एकत्र खेळायला कशी तयार होतात, कोण का मागे राहतं, नवीन माणसाला गटात कधी ओढायचं आणि कधी त्याच्या वाटेला जायचं नाही. जाऊबाई हे सगळं बावीस वर्षं करत होत्या, फक्त त्याला नावं असतात हे त्यांना माहीत नव्हतं. एकेक नाव कळलं की त्या मुलीसारख्या खूश व्हायच्या. म्हणायच्या, "बघ गं, मी करते त्याला पुस्तकात अख्खं प्रकरण आहे."

अशा एका प्रकरणात लिहिलं होतं की कुशल नेता हळूहळू गटातून स्वतःला वजा करत जातो. जाऊबाईंच्या अभ्यासात ते वाक्य मीच टाइप केलं म्हणून मला शब्दन् शब्द पाठ आहे. त्या प्रकरणाच्या लेखकांनाही लक्षात ठेवा. ते पुढे येणार आहेत.

जाऊबाईंची पद्धत तशीच होती. दुपारच्या गटात शुक्रवारी त्या दोरीचा खेळ घ्यायच्या. एक लांब दोरी, टोकं बांधून कडं केलेलं, त्यात एक लाकडी मणी ओवलेला. बारा माणसं खुर्च्यांवर गोल बसून दोरी धरतात आणि मणी हाताहातांतून सरकवतात. कुणीतरी थांबवलं की ज्याच्या हातात मणी असेल त्याने काहीतरी सांगायचं. काय जेवलो, काय स्वप्न पडलं, कुठे जावंसं वाटतं, काहीही. सुरुवातीला थांबवायचं काम जाऊबाई करायच्या.

त्या गटात एक टेलरबाई होत्या. चार मशिनी आणि सहा मुली यांच्यावर अंमल चालवलेली बाई. झटक्यात उजवा हात गेला आणि वाचा गेली. दोन महिने त्या नुसत्या मांडीवर हात ठेवून बसायच्या, मणी आला तरी दुसराच कुणीतरी पुढे ढकलायचा. एका शुक्रवारी मणी फिरत असताना त्यांनी डावा हात वर केला. गटातले एक निवृत्त बसकंडक्टर ओरडले, "अहो, थांबा, थांबा. बाई थांबवतायत." सगळे थांबले. जाऊबाईंनी आपलं स्टूल उचललं आणि भिंतीशी नेऊन ठेवलं.

तेव्हापासून खेळ टेलरबाईंचा. जाऊबाई भिंतीशी बसून वहीत टिपणं करायच्या. हात वर झाला की मणी थांबायचा. आणि सहाव्या आठवड्यात हातासोबत शब्द आला. 'थांब.' आठ महिन्यांत त्या बाईच्या तोंडून निघालेला पहिला शब्द. तिची लेक तिला न्यायला आली होती, ती जिन्यातच तो शब्द ऐकून चपलांसकट आत धावली. त्यानंतर दर खेळात टेलरबाई तो शब्द म्हणायच्या. एवढा एकच शब्द त्यांच्याकडे होता, आणि तो त्या दुकानातल्या जुन्या रुबाबात वापरायच्या. कंडक्टर म्हणायचे, "तीस वर्षं मी बस थांबवली, पण असा धाक मला कधी जमला नाही."

लेखी परीक्षेत जाऊबाई वर्गात पहिल्या आल्या. पंचवीस-पंचवीस वर्षांच्या मुलामुलींमध्ये पहिल्या. राहिली होती ती फक्त प्रात्यक्षिक परीक्षा. स्वतःच्या गटाचं एक तासाचं सत्र, बाहेरच्या परीक्षकांसमोर. मी दुकान बंद करून गेले आणि कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसले.

परीक्षक आले, ते त्या प्रकरणाचे लेखक. दहा मिनिटं उशिरा आले. खेळ रंगात होता. जाऊबाई स्टुलावरून उठून नमस्कार करणार, तेवढ्यात त्यांनी हाताने 'चालू द्या' अशी खूण केली आणि दाराजवळच्या कंडक्टरांना हळूच विचारलं, "लीडर कोण?"

कंडक्टर सरळ माणूस. त्यांनी टेलरबाईंकडे बोट केलं. "ह्या."

परीक्षकांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी फाइलमधून एक छापील तक्ता काढला. तो तक्ता नंतर मी पाहिला. परीक्षार्थीने किती सूचना दिल्या. शिट्टी किती वेळा वाजवली. वर्तुळाच्या मध्यभागी किती मिनिटं उभे होते. गटावर नियंत्रण कसे होते. साहेब खुर्चीवर बसून एकेक चौकोन भरत होते, आणि त्यांच्यापासून पाच हातांवर एक मुकी झालेली बाई अकरा माणसांना थांबवत होती, ते चौकोनात बसणारं नव्हतं. एकदाही त्यांनी मान वर करून विचारलं नाही की ही बाई इथे आली तेव्हा कशी होती. मला वाटलं होतं की खेळ संपल्यावर ते टाळ्या वाजवतील. मूर्ख मी.

निकाल पंधरा दिवसांनी आला. 'परीक्षार्थी साठ मिनिटांपैकी एक्केचाळीस मिनिटे भिंतीलगत निष्क्रिय बसून होत्या. सत्राचे संचालन एका रुग्ण सभासदाने केले. नेतृत्व: पंचवीसपैकी चार.' पास व्हायला दहा लागत होते.

साठ मिनिटं कुठली? हा माणूस दहा मिनिटं उशिरा आला होता. पन्नास मिनिटं बघितली आणि साठ लिहिली. स्वतः लिहिलेलं वाक्य आपल्या डोळ्यांसमोर चालताना दिसलं तर ओळखू आलं नाही, आणि असा माणूस दुसऱ्याला नापास करतो. मी ते पुस्तक उघडून तो कागद त्या पानावर ठेवला आणि म्हटलं, "ताई, चला. हे दोन्ही त्यांच्या टेबलावर आपटून येऊ."

जाऊबाई मला घेऊन गेल्या त्यांच्या मार्गदर्शक सरांकडे. सर भला माणूस, पण वाऱ्याची झुळूक आली तरी दार लावून घेणारा. त्यांनी पुस्तक बघितलं, कागद बघितला, चष्मा पुसला.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "शंभर टक्के बरोबर आहे. पण तक्रार केली तर चौकशी समिती बसेल, तिला सहा महिने लागतील. तुमची मुदत नऊ आठवड्यांत संपतेय. फेरपरीक्षा सहाव्या आठवड्यात घेता येईल. बाई, एक तास मधे उभ्या राहा. एवढंच."

"मग मुलांच्या गटावर देते," जाऊबाई म्हणाल्या. "त्यांना मी मधे असलेली चालते."

"गट बदलता येत नाही. तोच गट लागतो."

तिसऱ्या दिवशी जाऊबाई घरी म्हणाल्या की फेरपरीक्षा देणार नाही, मीटर तर मीटर. आणि इथे मी तोंड उघडलं. कुणी सांगितलं होतं मला? मी म्हटलं, "ताई, तुम्ही गेलात तर त्या जागी कोण येईल याचा विचार केलाय का? तक्ता हातात घेऊन येणारा येईल. तो हा गट महिन्याभरात बंद करेल. एक तासाचं नाटक आहे, करा आणि मोकळ्या व्हा. तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही गं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, पटलं त्यांना.

परीक्षेआधी त्यांनी गटाला सगळं समजावून सांगितलं. आज मी मधे उभी राहणार, शिट्टी वाजवणार, मीच थांबवणार. परीक्षा आहे, फक्त आजच्यापुरतं. कंडक्टर म्हणाले, "म्हणजे आज ड्रायव्हर तुम्ही." सगळे हसले. टेलरबाईंपुढे तर जाऊबाई गुडघ्यांवर बसल्या आणि पुन्हा सगळं सावकाश सांगितलं. टेलरबाईंनी मान हलवली. मान हलवली म्हणजे कळलं, असं आम्ही धरून चाललो. वाचा गेलेल्या माणसाला कधी कधी ऐकलेलंही नीट उमगत नाही, आणि तरी तो मान हलवतो, हे जाऊबाईंना पुस्तकाने शिकवलं होतं. पण त्या दिवशी त्यांना घाई होती, आणि घाई मी लावली होती.

परीक्षक या वेळी वेळेवर आले. जाऊबाई मधे उभ्या राहिल्या. गळ्यात शिट्टी. "दोरी धरा. पाठ ताठ. डावीकडून सुरू." मणी फिरायला लागला. दुसऱ्या फेरीत टेलरबाईंचा हात वर गेला.

"थांब," त्या म्हणाल्या.

दोरीवरचे हात सवयीने थांबले. परीक्षकांचं पेन थांबलं. जाऊबाईंनी टेलरबाईंकडे बघितलं, मग त्या पेनकडे बघितलं. "अजून एक फेरी," त्या म्हणाल्या. "चला, चला." आणि शिट्टी वाजवली.

मणी पुढे गेला. टेलरबाईंचा हात थोडा वेळ वरच होता. मग त्यांनी तोच शब्द पुन्हा एकदा म्हटला, जरा हळू आवाजात. जाऊबाईंनी पुन्हा शिट्टी वाजवली. त्यानंतर टेलरबाईंचा हात मांडीवर गेला आणि तास संपेपर्यंत तिथेच राहिला. मणी त्यांच्यापाशी आला की शेजारचा माणूस पुढे ढकलायचा. आणि मी कपाटाशेजारी बसून मनातल्या मनात मार्क मोजत होते. शिट्टी नऊ वेळा झाली, सूचना चाळीसच्या वर गेल्या, छान चाललंय. हे लिहितानाही माझी मलाच लाज वाटते.

जाताना परीक्षक खूश होते. "बघा, केवढा फरक पडला," ते म्हणाले. "गट कसा तुमच्या मुठीत होता."

नेतृत्वाला पंचवीसपैकी बावीस. पदवी मिळाली. मुदतीच्या तेरा दिवस आधी जाऊबाई कायमच्या केंद्रप्रमुख झाल्या. दाराबाहेरच्या पाटीवरचा 'प्रभारी' हा शब्द पुसायला मी स्वतः रॉकेलचा बोळा घेऊन गेले होते.

परीक्षेनंतरच्या पहिल्याच शुक्रवारी जाऊबाईंनी आपलं स्टूल भिंतीशी नेलं. खेळ सुरू झाला. मणी फिरला, फिरला, थांबेचना. बाकीची अकरा माणसं टेलरबाईंकडे बघत होती. टेलरबाई भिंतीकडे बघत होत्या. जाऊबाईंनी मान हलवली, तेव्हा कुठे त्यांनी हात वर केला, तोही कानापर्यंतच. शब्द आला नाही. दुसऱ्या वेळी तेच. आधी भिंतीकडे बघायचं, होकार आला की मग हात.

त्या संध्याकाळी जाऊबाई घरी आल्या आणि पाणी पिता पिता थांबल्या. "ती माझी परवानगी मागते गं," त्या म्हणाल्या. "आपल्या दुकानात सहा जणींना नाचवणारी बाई, हात वर करू का म्हणून मला विचारते." आणि त्यांनी तो पेला ओट्यावर असा आपटला की त्याचा काठ चेपला. सव्वीस वर्षं एका घरात राहते मी त्यांच्याबरोबर. त्यांना रागावलेलं पहिल्यांदाच बघितलं. पाणी प्या असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मग त्यांनी एक केलं. खेळ सुरू करून द्यायचा आणि हॉलबाहेर जायचं. भिंतीशी कुणी नसेल तर टेलरबाई विचारतील कुणाला? दार किंचित उघडं ठेवून त्या जिन्यात पायरीवर बसायच्या, कान आत, वही मांडीवर. पडलंझडलं कुणी तर दोन पावलांत आत जाता यावं इतक्या जवळ. पहिले काही शुक्रवार मणी नुसता गरगर फिरला. कंडक्टरांनी एकदाही थांबवला नाही, कुणाला थांबवूही दिला नाही. अकराव्या शुक्रवारी टेलरबाईंनी दाराकडे न बघता हात वर केला. पूर्ण वर. जाऊबाईंनी ते फटीतून बघितलं.

शब्द मात्र परत आला नाही. आजपर्यंत नाही. इस्पितळातल्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतात, असं होतं कधी कधी, कारण एकच असतं असं नाही. नसेल. पण त्या दिवशी दुसऱ्यांदा हळू आवाजात म्हटलेला तो 'थांब' मी ऐकलाय, आणि तो शेवटचा होता.

आणि आता गेल्या महिन्यातली गोष्ट. नगरपालिकेचे अधिकारी तपासणीला आले. शुक्रवार, साडेतीनची वेळ. केंद्रप्रमुख जिन्यात बसलेल्या.

"तुम्ही बाहेर काय करताय?"

"सत्र घेतेय," जाऊबाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी आत डोकावलं. बारा पेशंट आणि शिकवणारं कुणी नाही. आठ दिवसांत पत्र आलं. सत्रकाळात केंद्रप्रमुख हॉलबाहेर आढळल्या, कर्तव्यात कसूर, लेखी खुलासा द्यावा.

खुलासा टाइप करायला त्या माझ्याच दुकानात आल्या. माझ्या डोक्यात दोन पानं तयार होती. त्या परीक्षकाचं प्रकरण, तो तक्ता, ती दहा मिनिटं, सगळ्यांची सालटी काढायची असं मी ठरवलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, "तू फक्त टाइप कर. मी सांगते तेवढंच."

त्यांनी तीन ओळी सांगितल्या. 'सदर वेळी मी जिन्यात होते हे खरे आहे. मी आत असले की एक सभासद खेळ चालवू शकत नाहीत, म्हणून मी बाहेर बसते. त्या दर शुक्रवारी खेळ चालवतात आणि मी दर शुक्रवारी बाहेर बसणार आहे.'

मी खाली त्यांचं नाव टाइप केलं आणि कागद काढायला हात घातला.

"थांब," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्याच तोंडून निघालेल्या त्या शब्दावर क्षणभर अडखळल्या. मग म्हणाल्या, "नावापुढे पदवी लिही."

ती पदवी त्यांनी तोवर कुठेच लिहिली नव्हती. पाटीवर नाही, कार्डावर नाही, पगाराच्या कागदावरही नाही. मी म्हटलं, "अहो ताई, कशाला? आजवर तर..."

"लिही. ती मला फुकट मिळालेली नाही. एका बाईला एकच शब्द येत होता, तो देऊन मिळालीय. पूर्ण लिही."

मी पूर्ण लिहिली.